गल्लींतील हाळी

आमच्या गल्लींत घड्याळाचें फारसें काम पडत नाहीं. भाजीवालीची हाळी आली कीं सात वाजले. परवां हाळी आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत ‘फेरीवाल्यांचा उपद्रव’ या मथळ्याखालीं दुकानदार, नगरसेवक व अधिकारी यांचे सविस्तर अभिप्राय वाचले. जिचा माल जप्त झाला ती केवळ छायाचित्रांत, तीही पाठमोरी. वास्तविक २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमान्वयें नगर समितींत निदान ४० टक्के सभासद विक्रेतेच, व त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असणें अवश्य आहे. कायदा जिला मत विचारतो, तिला बातमीदारानें विचारूं नये काय? १८७७ सालीं कृष्णराव भालेकरांनीं पुण्यांत ‘दीनबंधु’ काढलें, तें शेतकरी-कष्टकऱ्यांचें गाऱ्हाणें छापण्यासाठींच. अखेर मींच तिला विचारलें.

‘‘मास्तर, दंड भरला, पावती हाय, तराजू तेवढा अजून दिला न्हाई.’’