रुग्णसाहाय्य : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरातील कर्त्या माणसाला दुर्धर व्याधी जडली म्हणजे आप्तांची पहिली धाव औषधाकडे असते आणि दुसरी पैशाकडे. परंतु निवाऱ्यापासून धीरापर्यंत जे साहाय्य समाजाने व शासनाने सिद्ध करून ठेवले आहे, ते कित्येकांच्या दृष्टीसच पडत नाही. याला कारण होणाऱ्या काही रूढ समजुतींचा येथे परामर्श घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज : साहाय्यक संस्थांचा शोध रुग्णालयाबाहेर घ्यावा लागतो.

वस्तुस्थिती : या शोधाचा आरंभ रुग्णालयातच करावा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, ती भारतातील पहिली मानली जाते; आज मोठ्या शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, आणि कोणता विश्वस्त निधी कोणत्या आजारासाठी अर्ज स्वीकारतो, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला व खर्चाचे अंदाजपत्रक यांपैकी सोबत काय जोडावे लागते, याची माहिती त्यांच्याकडे मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांत मार्गदर्शनासाठी आरोग्यमित्र नेमलेले असतात.

गैरसमज : धर्मादाय रुग्णालयातील सवलत ही विश्वस्तांची मेहेरबानी होय.

वस्तुस्थिती : १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेली योजना यांन्वये अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवणे बंधनकारक आहे. तातडीच्या प्रसंगी अनामत रकमेसाठी अडवून न धरता रुग्णाला दाखल करून घेणे, हेही त्यांचे कर्तव्य आहे. दाद मिळाली नाही, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करता येते.

गैरसमज : संस्था म्हणजे केवळ पैशाची मदत.

वस्तुस्थिती : परगावाहून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात येणाऱ्या कुटुंबाला औषधाइतकीच विवंचना मुक्कामाची असते, आणि तेथे दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा १९६८ पासून कार्य करणारी परळची नाना पालकर स्मृती समिती यांचा आधार अमोल ठरतो. पुण्यात १९८६ साली सुरू झालेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र व्यसनाधीन माणसाबरोबरच त्याच्या कुटुंबीयांचेही समुपदेशन करते. आणि मनाच्या व्यथेसाठी १४४१६ या शासकीय दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य सल्ला लाभतो.

गैरसमज : नोंदणीकृत संस्था म्हणजे विश्वासार्ह संस्था.

वस्तुस्थिती : नोंदणीवरून संस्थेचे कायदेशीर अस्तित्व कळते, तिची सचोटी कळतेच असे नाही. जी रोग हमखास बरा करण्याची ग्वाही देते, मदत मंजूर करण्यापूर्वीच शुल्क मागते, पावती देण्यास टाळाटाळ करते किंवा डॉक्टरांचे उपचार सोडून देण्यास सांगते, तिच्यापासून दूर राहावे, आणि शंका आल्यास उपचार करणाऱ्या रुग्णालयातच चौकशी करावी.

पुष्कळसे निधी आधीच होऊन गेलेल्या खर्चाची भरपाई करीत नाहीत. म्हणून निदान होताच, ठेवी मोडण्यापूर्वी व दागिने गहाण टाकण्यापूर्वी, कागदपत्रे जमवून अर्ज करावा आणि तो करताना मनात कसलाही संकोच बाळगू नये, कारण आजारी माणसाला सावरण्याचे दायित्व एकट्या घराचे नाही, ते संपूर्ण समाजाचे आहे.