तिसऱ्या करंजीची चव

डाएट चालू असताना रात्री हळूच डबा उघडून खाल्लेली तिसरी करंजी पहिल्या दोनपेक्षा चवदार लागते. तोंड खात असतं, मनही खात असतं, आणि दोघांचं एकमेकांमुळे अडत नाही. हे नेमकं कसं घडतं?

आनंद आणि दुःख ही एकाच पट्टीची दोन टोकं आहेत, एकाकडे सरकलं की दुसरं आपोआप दुरावतं, असं मानसशास्त्रात बराच काळ मानलं गेलं. मग जेफ लार्सन, पीटर मॅकग्रॉ आणि जॉन कॅसिओपो या अमेरिकी संशोधकांनी ‘लाइफ इज ब्यूटिफुल’ हा चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना आणि पदवीदानाच्या दिवशी विद्यार्थ्यांना मनःस्थिती विचारली. एकाच वेळी सुखी आणि दुःखी असल्याचं सांगणारे एरवीपेक्षा कितीतरी जास्त निघाले. हा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. लेकीची पाठवणी केलेल्या आईबापांना त्यासाठी प्रयोगाची गरज नव्हती म्हणा.

म्हणजे दोन भावना एकत्र नांदू शकतात. पण अपराधीपणाने गोडी वाढावी, हे जरा विचित्रच. 2012 मध्ये केली गोल्डस्मिथ, युनिस किम चो आणि रवी धर यांनी तेच तपासलं. काही जणांना विस्कटलेल्या शब्दांची वाक्यं जुळवायला दिली. त्या शब्दांत अपराध, पश्चात्ताप सुचवणारे शब्द पेरलेले होते. नंतर गोड खाऊ दिला, तर या लोकांना तो इतरांपेक्षा जास्त आवडला. गंमत अशी, की त्या शब्दांचा खाऊशी काडीचाही संबंध नव्हता. संशोधकांच्या मते अपराधीपणा आणि सुख या दोन भावना आठवणीत शेजारी-शेजारीच राहतात. जे जे छान, त्याला त्याला ‘पुरे आता’ ऐकतच आपण मोठे होतो. मग एकीला हाक मारली की दुसरीही ओ देते.

‘वाटू दे की मनाला अपराधी! त्यानेच हात आवरेल,’ असं कुणी म्हणेल. तसं होत नाही. 1975 मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी कॉलेजच्या तरुणींना चव-चाचणीच्या नावाखाली बोलावलं. काहींना आधी मिल्कशेक पाजला, मग सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवलं आणि कोण किती खातं ते मोजलं. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर कमी खाल्लं, पोट भरलं होतं ना. डाएटवाल्यांनी मात्र जास्त खाल्लं! नियम मोडलाच आहे, तर आता कशाला थांबायचं, हा हिशेब. एकादशी अन् दुप्पट खाशी, त्यातलाच प्रकार.

न्यूझीलंडमधल्या रोलीन कायर आणि जेसिका बॉइस यांनी तर थेट विचारलं: चॉकलेट केक म्हटल्यावर अपराधी वाटतं की सणासारखं? 2014 च्या या अभ्यासात ‘अपराधी’ म्हणणाऱ्यांचे आरोग्याचे बेत इतरांपेक्षा काही पक्के नव्हते, आणि खाण्यावर आपला ताबा नाही, असंच त्यांना जास्त वाटत होतं. वजन आहे तेवढंच राखू पाहणाऱ्यांमध्येही, दीड वर्षानंतर, मागे पडले ते हेच.

तेव्हा खायचं ठरवलंच असेल, तर मनाला टोचणी न लावता खा. मधुमेह असेल तर मात्र डॉक्टरांचं ऐका, या लेखाचं नव्हे.