भिंतीशिवाय खोली

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं होतं, "सर, या तत्त्वज्ञानाचा घरात काही उपयोग होतो का हो?" तेव्हा वेळ संपली होती, म्हणून आम्ही सुटलो. पण प्रश्न डोक्यात राहिला. म्हणून आज विषयच घरातला घेतला आहे: मोकळं, एकसंध घर असेल तर भिंत न बांधता त्यात वेगवेगळ्या जागा कशा करायच्या?

हल्ली नव्या फ्लॅटमध्ये बैठक, जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर एकाच दालनात असतं. जुन्या घरातल्या भिंतीही लोक पाडून घेतात. आमच्या मुलानेही पाडून घेतली. उजेड वाढला, वारा खेळू लागला, घर दुप्पट मोठं वाटू लागलं. आणि पंधरा दिवसांत लक्षात आलं, की घरात कुणालाच धड बसायला जागा नाही!

हसू नका. खिडकीजवळची चांगली जागा आम्ही आमच्या टेबलासाठी धरली. नात जेवणाच्या टेबलावर अभ्यासाला. मुलाची ऑफिसची मीटिंग सुरू झाली, की नेमकी कुकरची शिट्टी. आणि आमची सौ. दुपारी ओट्याशेजारी स्टुलावर बसून वाचायची. आम्ही म्हटलं, "अगं, एवढा मोठा हॉल आहे, तिथे बस की." ती म्हणाली, "हॉल सगळ्यांचा आहे हो. माझं काय आहे त्यात?"

वर्षानुवर्षं वर्गात आकाश, अवकाश शिकवणाऱ्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही.

आता बघा, वेदान्तात घटाकाशाचा एक प्रसिद्ध दृष्टान्त आहे. गौडपादाचार्यांच्या कारिकांत तो येतो, शंकराचार्यही तो वापरतात. घटातलं आकाश आणि बाहेरचं आकाश वेगळं वाटतं. पण घट फुटला तर आकाश फुटत नाही, कारण ते मुळात तुटलेलंच नव्हतं. वेगळेपण आलं ते घटामुळे. या घटाला शास्त्रात 'उपाधी' म्हणतात. अद्वैती याच्यावरून सांगतो, की भेद अंतिमतः खरा नाही. पण व्यवहारात तो भेद कामाचा आहे, हे तोही नाकारत नाही. पाणी घटातच भरावं लागतं!

आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच: जागा वेगळी करायला ती तोडावी लागत नाही. एक उपाधी पुरते. आणि ती उपाधी विटांचीच हवी असं कुठे आहे?

आमचं बालपण मुंबईत चाळीतल्या एका खोलीत गेलं. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी तुम्हाला माहीत असतील. तिथली खोली साधारण १६० चौरस फुटांची. आमचीही तेवढीच, आणि माणसं सात. भिंत घालायची सोयच नव्हती. पण जागा किती होत्या मोजा. मोरीला वीतभर उंचीचा कट्टा, त्याच्या आत पाण्याचं राज्य. दोरीवर आईचं जुनं लुगडं टाकलं, की कपडे बदलायची खोली. पलंग वडिलांचा, पलंगाखालची जागा ट्रंकांची. सतरंजी अंथरली, की बैठक. पाट मांडले, की जेवणघर. गाद्या घातल्या, की झोपायची खोली. गिरणगावात तर पाळ्यांप्रमाणे कामगार आळीपाळीने एकाच जागी झोपत. म्हणजे जागा वस्तूंनी वाटता येते, तशी वेळेनेही वाटता येते.

पण हे सगळं कशावर उभं होतं? लुगड्याच्या पडद्यामागून आवाज थांबत नव्हता, एक बोट लावलं तर तो सरकत होता. तो टिकला, कारण पडदा ओढला की पलीकडे बघायचं नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. भिंतीचं काम संकेताने केलं.

इथे सावध राहायला हवं. बिनभिंतीच्या रेषा नेहमी मायेच्याच असतात असं नाही. त्याच खोलीत महिन्यातले तीन दिवस आई दाराजवळच्या कोपऱ्यात बसायची. तिची चटई वेगळी, तांब्या वेगळा. मध्ये काहीच नव्हतं, तरी ती रेषा विटांच्या भिंतीपेक्षा पक्की होती. दोन्ही रेषा संकेताच्याच. मग फरक काय? लुगड्याचा पडदा जी माणसं मागे जात त्यांच्यासाठी होता, आणि तो त्यांना स्वतःच्या हाताने उघडता येत होता. चटईची रेषा आईने आखलेली नव्हती, आणि पुसणंही तिच्या हातात नव्हतं. घरात जागा वेगळी करताना ही कसोटी लावावी: रेषा कुणासाठी आहे, आणि ती कुणाला हलवता येते?

या कसोटीला उतरणारं एक घर नेदरलँड्समध्ये उट्रेख्त शहरात आहे. १९२४ मध्ये खेरित रीटफेल्ट या वास्तुरचनाकाराने ट्रुस श्रोडर या बाईंसाठी आणि त्यांच्या तीन मुलांसाठी ते बांधलं. वरचा मजला दिवसा जवळजवळ एकच मोकळी खोली. रात्री सरकत्या पाट्या ओढल्या, की निजायच्या वेगळ्या खोल्या. उघडायचं की मिटायचं, हे राहणारे ठरवणार. श्रोडरबाई १९८५ मध्ये वारल्या, तोवर त्या तिथेच राहत होत्या.

आता आपल्या घराकडे येऊ. पहिलं साधन म्हणजे उंची. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतात. तेवढ्या उंचीचं पुस्तकांचं कपाट मध्ये ठेवलं, तर बसल्यावर आडोसा मिळतो आणि उभं राहिल्यावर घर एकच दिसतं. जमिनीवर बसणार असाल तर अडीच-तीन फूटही पुरतात. कपाट खिडकीला काटकोनात ठेवावं, म्हणजे दोन्ही बाजूंना उजेड जातो. मध्ये ठेवलेलं कपाट जमिनीला किंवा भिंतीला पक्कं करून घ्यावं. लहान मुलं लोंबकळतात. आणि जाण्यायेण्याची वाट तीन फूट तरी मोकळी ठेवावी.

दुसरं, पायाखालची जमीन. एक सतरंजी बैठकीची हद्द ठरवते. काही लोक पायरीभर उंच चौथरा करून घेतात. जुन्या वाड्यातल्या ओसरीसारखा तो छान दिसतो, पण आमच्या वयाची माणसं घरात असतील तर करू नका. रात्री तीच पायरी पाडते. सतरंजीच्या कडाही दुमडू देऊ नका.

तिसरं, दिवा. छताला एकच मोठा दिवा लावला, की सगळं घर एकाच वेळी जागं राहतं. प्रत्येक जागेला वेगळा दिवा आणि वेगळं बटण हवं. अंधारात एक दिवा लावून बसलेला माणूस आपोआप आपल्या खोलीत असतो.

चौथा पडदा. स्वस्त, धुता येणारा, हवा तेव्हा बाजूला होणारा. फक्त शेगडीपासून लांब ठेवावा.

आणि एक गोष्ट यातल्या कशानेच होत नाही, ती म्हणजे आवाज अडवणं. जाड पडदे आणि पुस्तकं घुमणं थोडं कमी करतात, बोलणं थांबवत नाहीत. फोडणीचा वासही थांबत नाही. तिथे चाळीचाच उपाय: वेळ वाटून घ्यायची. मुलाची मीटिंग असेल तेव्हा आमच्या बातम्या बंद. दहावीचं मूल किंवा आजारी माणूस घरात असेल, तर दाराची एक खोली राखावीच. तिथे हट्टाने भिंत पाडू नये.

आमच्या घरी शेवटी काय झालं? आम्ही टेबल खिडकीपासून हलवलं. तिथे चार फुटी कपाट, त्यामागे सौ.ची आरामखुर्ची आणि एक उभा दिवा. नियम तिने केला: दिवा लागलेला असेल तर हाक मारायची नाही. पहिल्या आठवड्यात तो नियम तीनदा मोडला, आणि तिन्ही वेळा आम्हीच, चहासाठी. आता चहा आम्ही करतो.

तेव्हा आज घरी गेल्यावर टेप घेऊन मोजमाप सुरू करू नका. आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, "तुझी जागा कुठली?" जो गप्प बसेल, त्याच्यापासून सुरुवात करा. कपाट, पडदा, दिवा हे सगळं नंतर बघता येईल.

आम्ही इथेच थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.