वेगवान नळी आणि हट्टी मीठ

खारं पाणी गोडं करणारा पहिला कामाचा पडदा वनस्पतींनीच दिला. १९५९च्या सुमारास लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा असा पापुद्रा बनवला की ज्याची एक बाजू घट्ट, पण अतिशय पातळ, आणि खालचा भाग सच्छिद्र होता. १९६५ मध्ये तो कोअलिंगा गावचं मचूळ पाणी शुद्ध करू लागला. पुढे पॉलिअमाइडने त्याची जागा घेतली. घरच्या आरओतही तेच असतं. त्याला क्लोरीन सोसत नाही, म्हणून आधी कोळशाची गाळणी लागते.

मग कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या आल्या. सुमिओ इजिमांनी १९९१ मध्ये त्यांचं वर्णन केलं. २००१ मध्ये संगणकावर दिसलं की जेमतेम ०.८ नॅनोमीटर रुंद नळीतून पाण्याचे रेणू एकामागे एक, भिंतीला जवळजवळ न घासता पळतात. २००६ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद नळ्यांच्या पडद्यातून पाणी नेहमीच्या गणिताच्या हजारपटीहून अधिक वेगाने गेलं. वर्तमानपत्रांना एवढं पुरेसं होतं.

पण समुद्राच्या पाण्याला वेगाची फारशी पर्वा नाही. त्याचा परासरण दाबच, म्हणजे गोडं पाणी खाऱ्याकडे खेचणारा जोर, सुमारे २७ बार. तो ओलांडल्याशिवाय थेंबही पलीकडे जात नाही. निम्मं पाणी गोडं काढायचं तर निसर्गनियमानेच १००० लिटरला साधारण १ युनिट वीज लागते. आजचे प्रकल्प ३ ते ४ युनिट खातात, आणि त्यातला बराच वाटा पाणी खेचण्यात, आधी गाळण्यात जातो. नळी कितीही गुळगुळीत असो, तो खर्च टळत नाही. शिवाय रुंद नळीतून मीठही निसटतं. नळीच्या तोंडाशी विद्युतभार बसवला तर पातळ द्रावणातलं मीठ अडतं, समुद्राइतक्या खारटपणात तो पहारा ढिला पडतो.

म्हणून मला या नळ्यांना जैवबहुलकांची, म्हणजे सजीवांपासून मिळणाऱ्या लांब साखळ्यांच्या पदार्थांची, जोड अधिक शहाणपणाची वाटते. कोळंबीच्या सालांतून मिळणारं कायटोसान एकमेकींना चिकटणाऱ्या नळ्या पाण्यात सुट्या ठेवतं आणि त्यांना पापुद्र्यात धरूनही ठेवतं. पाणी त्याला आवडतं, त्यामुळे तेलकट घाण कमी चिकटते. मात्र ते फुगतं. त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधाव्या लागतात, आणि फार बांधल्या तर पाणीच अडतं.

अशा पडद्याने ९० टक्के मीठ अडवल्याचं वाचलं की मी साधा हिशेब करतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ, उरले ३.५ ग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाला हवेत जास्तीत जास्त ०.५, अगदीच पर्याय नसेल तर २.