कुलपें वाढलीं, सावधपणा वाढला काय?

ठाणें स्टेशनाच्या पूर्वेस, रूळ आणि खाडी यांच्या मध्यें कोपरी वसली आहे. बोरीबंदराहून पहिली आगगाडी ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्यास आली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनीं येथें नवे संसार थाटले. पुढें मुंबईच्या चाकरमान्यांनीं इमारती भरून टाकल्या. आज दारास लोखंडी जाळी, जिन्यावर कॅमेरा आणि फाटकाशीं पहारेकरी असा बंदोबस्त पुष्कळ ठिकाणीं दिसतो. परंतु एवढ्यानें घर निर्भय झालें असें मानणें ही मोठी भूल आहे, हें आम्हांस स्पष्टपणें सांगणें भाग आहे.

आजचा चोर कुलूप फोडण्याच्या भरीस पडतोच असें नाहीं. तो घरच्या माणसाच्याच हातून ऐवज काढून घेतो. भर दुपारीं दागिने उजळून देणारा दाराशीं येतो आणि द्रावणांत पाटल्या बुडवून सोन्याचा अंश घेऊन जातो. रस्त्यावर तोतया पोलीस एखाद्या वृद्धेस अडवितो : "आजी, पुढें दंगा झाला आहे, दागिने काढून रुमालांत बांधा." घरीं येऊन गांठ सोडावी तों आंत खडे! दूरध्वनीवरचा भामटा हा या दोघांचा थोरला भाऊ. तो गणवेश घालून पडद्यावर येतो, तुमच्या नांवाच्या पार्सलांत अंमली पदार्थ सांपडले म्हणून दटावतो, 'डिजिटल अटक' झाल्याचें सांगतो आणि वर बजावतो कीं, घरांत कोणास कळूं देऊं नका. युक्त्या तीन, पण हत्यार एकच. तें म्हणजे माणसास घाबरवून किंवा भुलवून एकटें पाडणें.

या भीतीस कायद्याचा आधार कितपत आहे? मुळींच नाहीं. पडद्यावरून अटक करण्याची तरतूद आपल्या कोणत्याही कायद्यांत नाहीं, ता. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं खुद्द पंतप्रधानांस आकाशवाणीवरून देशास हें समजावून सांगावें लागलें. ता. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७९ व्या कलमाप्रमाणें तर स्त्रियांस व साठ वर्षांवरील पुरुषांस साक्षीसाठीं सुद्धां राहत्या घराबाहेर बोलावून घेतां येत नाहीं. ज्या आजीबाईंस कायदा इतक्या अदबीनें वागवितो, त्यांनीं अनोळखी आवाजापुढें थरथर कांपावें, हें आमच्या शिक्षणाचें अपयश नव्हे काय?

पैसे गेल्यावर तरी मनुष्य बोलतो काय? पुष्कळदां बोलत नाहीं. मुलगा रागावेल, सून हंसेल, शेजारीं चर्चा होईल, या लाजेनें तो दोन दिवस गिळून बसतो. आणि तेच दोन दिवस चोरास हवे असतात. लुबाडलेली रक्कम एका खात्यांतून दुसऱ्यांत भराभर सरकविली जाते. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार केल्यास ती संबंधित बँकांकडे जाते व रक्कम वाटेंतच अडविण्याचा प्रयत्न होतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानेंही, ग्राहकाच्या संमतीवाचून झालेल्या व्यवहारांत, त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणानें पैसे गेले तरी कळविल्यानंतरचा तोटा बँकेच्या माथीं ठेविला. म्हणजे मौनाची किंमत रुपयांत मोजतां येते!

येथें आमच्या कुटुंबपद्धतीचा एक दोष उघड होतो. घरचा पैसा पुरुषानें सांभाळावा, बायकांनीं बँकेच्या भानगडींत पडूं नये, आणि म्हाताऱ्यांस यांतलें कांहीं कळत नाहीं, अशी आमची समजूत. ज्यास कांहीं सांगितलें नाहीं, तोच फसला म्हणजे त्यालाच दोष द्यावयाचा, हा कोठला न्याय?

दुसराही एक अन्याय नित्याचा झाला आहे. कपाटांतील अंगठी दिसेनाशी झाली कीं पहिला संशय मोलकरणीवर! पुरावा नसतां तिची पिशवी उलटी करणें, चार घरांत तिचें नांव बदनाम करणें, ही सावधगिरी नव्हे. हा गरिबाच्या पोटावर पाय आहे. दागिन्यांचीं छायाचित्रें व पावत्या जपून ठेवाव्या, किल्ली पायपुसण्याखालीं ठेवूं नये, आणि चोरी झालीच तर तपास पोलिसांस करूं द्यावा.

कोणी म्हणेल, चोर पकडणें हें सरकारचें काम. आम्हीं कां शिणावें? पोलिसांचें कर्तव्य आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु घराच्या आंत, दुपारच्या एकांतांत, वाजणाऱ्या दूरध्वनीपाशीं पोलीस बसूं शकत नाहीं. तेथें घरचें माणूसच पाहिजे. पूर्वीं चाळीच्या गॅलरींत अनोळखी पाऊल वाजतांच चार दारें उघडत. आतां दारें बंद आहेत, आणि शेजाऱ्याचें नांव पाटीवरून वाचावें लागतें.

म्हणून आमची कोपरीकरांस सूचना अशी : प्रत्येक घरानें नियम करावा कीं, दूरध्वनीवरून कोणीही पैसे मागितले तर प्रथम फोन ठेवावा आणि घरच्या किंवा शेजारच्या एका माणसास सांगितल्यावांचून पैही देऊं नये. १९३० व ११२ हे दोन आंकडे ठळक अक्षरांत दाराशीं लावावे. गणेशोत्सवांत, चेटीचंडास, संक्रांतीच्या हळदीकुंकवास एक तास या विषयास द्यावा. तो मराठींत, सिंधींत, हिंदींत, ज्यास जी भाषा कळते तींत द्यावा. आणि जो फसला त्यास प्रथम धीर द्यावा, जाब मागूं नये. ज्या घरांत म्हातारें माणूस न भितां "मी फसलों" असें म्हणूं शकतें, त्या घरांत भामट्यास दुसऱ्यांदां शिरकाव मिळणें कठीण आहे.