मदरबोर्डचे मॉस्फेट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मदरबोर्डवर प्रोसेसरभोवती चौकोनी कॉइलची रांग असते आणि तिला लागून काळे, चपटे भाग बसवलेले असतात. हेच पॉवर ट्रान्झिस्टर, म्हणजे मॉस्फेट. पॉवर सप्लायकडून येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या साधारण १ व्होल्टपर्यंत उतरवण्याचे काम ते जोडीने करतात. वरचा मॉस्फेट १२ व्होल्टची वाट उघडतो. ती बंद असताना खालचा कॉइलमधला प्रवाह चालू ठेवतो. ही उघडझाप सेकंदाला लाखो वेळा चालते. यातला एक उडाला तरी बोर्ड डेड होऊ शकतो. त्याच्या जागी दुसरा शोधताना मात्र काही पक्क्या समजुती आड येतात आणि दुरुस्त होण्यासारखे बोर्ड भंगारात जातात.

पहिला गैरसमज निदानाचा: मल्टिमीटर बीप झाला की मॉस्फेट शॉर्ट. ताकदवान प्रोसेसर बसवलेला असताना कॉइल आणि ग्राउंड यांच्यातला रोध मुळातच एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी येऊ शकतो आणि मीटर वाजतो. प्रोसेसर काढूनच मोजावे. तरीही शॉर्ट दाखवत असेल तर सगळे फेज (मॉस्फेटची एकेक जोडी आणि तिची कॉइल) एकाच आउटपुटला जोडलेले असल्यामुळे प्रत्येक कॉइलवर तेच वाचन मिळते आणि एकामागून एक मॉस्फेट उतरवण्याचा मोह होतो. त्याआधी प्रत्येकाच्या गेट (उघडझाप ठरवणारा पाय) आणि सोर्समध्ये (प्रवाहाच्या दोन पायांपैकी एक; दुसरा ड्रेन) मोजावे. उडालेल्या मॉस्फेटचा गेटही बहुधा जळालेला असतो, त्यामुळे शेजाऱ्यांपेक्षा फारच कमी रोध दाखवणारा सापडला की संशयित मिळाला.

आठ पायांचा प्रत्येक भाग मॉस्फेट असतो, हेही खरे नाही. बायॉसची चिप त्याच आकाराची असते, आणि काही भागांत दोन मॉस्फेट एकत्र असतात. एकेरी मॉस्फेटमध्ये सहसा पहिले तीन पाय सोर्स, चौथा गेट आणि उरलेले चार ड्रेन असतात. नव्या बोर्डांवर ड्रायव्हर (गेटला व्होल्ट देणारी चिप) आणि दोन्ही मॉस्फेट डीआरमॉस नावाच्या एकाच भागात असतात. तिथे पायांची मांडणी आणि नियंत्रक सिग्नलचे व्होल्ट जुळल्याशिवाय बदली चालत नाही.

सर्वांत महाग पडणारी समजूत म्हणजे ‘जास्त अँपिअरचा टाकला की झाले’. इन्व्हर्टर दुरुस्तीत सर्रास वापरला जाणारा आयआरएफझेड४४एन ४९ अँपिअरचा आहे, पण १० व्होल्टच्या गेटवरही त्याचा चालू-रोध (उघडा असतानाचा रोध) १७.५ मिलिओहमपर्यंत असतो. २० अँपिअर प्रवाहाला तिथे ७ वॉट उष्णता होते. ५ मिलिओहमच्या मॉस्फेटमध्ये २ वॉट. शिवाय अनेक बोर्डांवरचा ड्रायव्हर गेटला ५ व्होल्टच देतो आणि तेवढ्यावर हा मॉस्फेट पुरता उघडतच नाही. डेटाशीटमध्ये ४.५ व्होल्टचा चालू-रोध पाहायचा तो यासाठी. १२ व्होल्टचे १.२ करताना वरचा मॉस्फेट जेमतेम दहा टक्के वेळ चालू असतो, खालचा नव्वद टक्के. म्हणून वरच्यासाठी गेट चार्ज (गेट उघडायला लागणारा विद्युतभार) कमी हवा, खालच्यासाठी चालू-रोध. एकाच बोर्डवर दोन वेगळे नंबर दिसतात त्याचे कारण हेच. अगदी तोच नंबर मिळवण्याचा हट्ट मात्र अनाठायी: व्होल्ट (बहुधा २५ किंवा ३०), आकार, पायांची मांडणी आणि गेट चार्ज व चालू-रोध हे दोन आकडे जुळले की दुसऱ्या कंपनीचा भागही उत्तम चालतो. अंगावर छापलेला नंबर अनेकदा अर्धाच असतो. ‘४सी०६एन’ म्हणजे एनटीएमएफएस४सी०६एन.

भाग कुठे शोधायचा, याबद्दलही समजुती आहेत. बेंगळुरूत शिवाजीनगरच्या गुजरीत (जुन्या वस्तूंच्या बाजारात) काय वाटेल ते मिळते, असे म्हणतात. १९२७ च्या रसेल मार्केटच्या परिसरातली ही गुजरी मुख्यतः जुन्या वाहनांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. संगणकाच्या बोर्डांसाठी टाऊन हॉलजवळचा एस. पी. रोड गाठावा, मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली.

तिथेही जुना भाग टाळून नवाच घ्यावा, हा आग्रह फसवा ठरतो. स्वस्त सुट्या मॉस्फेटमध्ये जुना नंबर घासून नवा छापलेले बरेच असतात. त्याच मालिकेच्या मृत बोर्डवरून उतरवलेला भाग अस्सल असण्याची शक्यता अधिक. तो मात्र खालून तापवून, फ्लक्स लावून, बेताने उतरवावा. शिसेविरहित सोल्डर २१७ अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते आणि ड्रेनखालचे तांबे उष्णता ओढून घेते. उतरवलेला आणि विकत आणलेला, दोन्ही बसवण्याआधी मोजावेत.

उडालेला एकच भाग बदलणेही अपुरे. जोडीतला दुसरा, गेटचा रोधक आणि ड्रायव्हर तपासावा, कारण ड्रायव्हर बिघडलेला असेल तर नवा मॉस्फेट पहिल्याच स्विचला जातो. प्रोसेसर परत बसवण्याआधी १२ व्होल्टची लाइन आणि कॉइल यांच्यात शॉर्ट उरला नाही ना, हे प्रत्येक फेजवर पाहावे: वरचा मॉस्फेट शॉर्ट राहिला तर १ व्होल्टच्या प्रोसेसरवर थेट १२ व्होल्ट पोहोचतात.