गुजरात पासिंगची गाडी आणि एमएच-४८चा हिशेब

डहाणू तालुक्यातल्या वरोरहून दक्षिणेला विरार जेवढं लांब, जवळपास तेवढीच उत्तरेला वापी. त्यामुळे सेकंडहँड गाडी घ्यायची म्हटली की इथल्या माणसाची नजर वसई-विरारच्या बाजारावर जाते, तशीच तलासरीपुढचा आच्छाडचा नाका ओलांडून वापी, वलसाड, दमण, सिल्वासाकडेही जाते. त्याच कंपनीची, त्याच वर्षाची गाडी तिकडे पुष्कळदा कमी भावात मिळते. मग दोन टोकांची मतं कानावर येतात. एक म्हणतो, गुजरात पासिंग घेऊच नका, महाराष्ट्रात ती चालवणंच बेकायदा. दुसरा म्हणतो, बिनधास्त घ्या, वर्षभर कोणी विचारत नाही. दोघांचंही चुकतं, कारण नोंदणी आणि कर या दोन वेगळ्या गोष्टी दोघंही एकच धरून चालतात.

नोंदणीचा कायदा केंद्राचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४६ प्रमाणे कुठल्याही राज्यात झालेली नोंदणी देशभर चालते, त्यामुळे जीजे-१५ ची गाडी डहाणूच्या रस्त्यावर दिसली म्हणून ती बेकायदा ठरत नाही. वापीत दुकान किंवा कारखाना असलेल्या, गाडी तिथेच ठेवणाऱ्या माणसाने ती तिकडे नोंदवणंही कायदेशीर आहे. कलम ४० मध्ये घराबरोबर धंद्याची जागाही धरली आहे. कर मात्र राज्याचा विषय. राज्यघटनेच्या राज्यसूचीतल्या ५७ व्या नोंदीने वाहनावरचा कर राज्यांकडे दिला आहे. खरं तर दोन्ही राज्यांच्या करकायद्याचं मूळ एकच, द्विभाषिक मुंबई राज्याने १९५८ साली केलेला कायदा. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली, कायदा दोघांनीही पुढे चालवला, दर आपापले ठरवले. आज व्यक्तीच्या नावावरच्या, दहा लाखांपर्यंतच्या नव्या पेट्रोल कारला महाराष्ट्रात ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के एकरकमी कर आहे. गुजरातेत तो ६ टक्के. म्हणजे आठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर तिकडे ४८ हजार भरले जातात, इकडे ८८ हजार. सीमेपलीकडच्या ‘स्वस्ताई’चा मोठा भाग या ४० हजारांत आहे. ती गाडी कायमची इकडे आणली की महाराष्ट्र आपला कर मागतो. गाडीच्या वयाप्रमाणे तो उतरत जातो, पण मोजला जातो गाडीच्या मूळ किमतीवर. तुम्ही तीन लाखांत सौदा केला म्हणून तीन लाखांवर कर लागेल, ही समजूत खोटी आहे आणि हिशेब बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच.

वर्षभराच्या सवलतीबद्दलचा गैरसमज अर्धवट माहितीतून आला आहे. बारा महिन्यांची मुदत कायद्यात आहे, कलम ४७ मध्ये. पण ती आपलीच गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला आलेल्या मालकासाठी आहे. बडोद्याहून बदली होऊन पालघरला आलेला नोकरदार तिचा आधार घेऊ शकतो. वरोरला राहणारा माणूस वापीतून गाडी विकत घेतो तेव्हा कलम ५० लागू होतं, आणि त्यात विकत घेणाऱ्याला मिळतात ३० दिवस. तेवढ्यात त्याने स्वतःच्या पत्त्याच्या कार्यालयात, म्हणजे आपल्या भागासाठी एमएच-४८ देणाऱ्या वसईच्या परिवहन कार्यालयात, मालकी बदलाचा अर्ज द्यायचा असतो. त्यासाठी मूळ कार्यालयाची एनओसी लागते, ती फॉर्म २८ वर. कलम ४८ प्रमाणे अर्जानंतर ३० दिवसांत एनओसी दिली नाही आणि नाकारलीही नाही, तर ती दिली असं मानलं जातं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती आधी हवी. आरसीवरची कर्जाची नोंद (एचपी) उतरवलेली नसताना ‘एनओसी मागाहून देतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला पूर्ण पैसे देणं म्हणजे दुसऱ्याच्या कर्जाला आपली गाडी तारण ठेवणं.

सगळ्यात घातक गैरसमज सह्या केलेल्या कोऱ्या टीटी, म्हणजे मालकी बदलाच्या, फॉर्मबद्दलचा. फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याची सही घ्यायची, आरसी आणि किल्ली ताब्यात घ्यायची, शंभराच्या स्टॅम्पवर करारनामा करायचा आणि गाडी आपली झाली असं समजायचं. पैशाच्या व्यवहारापुरतं ते ठीक असेलही, पण अपघात झाला तर कायदा नोंदवहीतलं नाव बघतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती; भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. म्हणजे नावावर न करता गाडी फिरवणं हा विकणाऱ्यावरही अन्याय आहे. विम्याचंही तसंच. कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो, पण तुमच्याच गाडीचं नुकसान भरून देणारा भाग तसा जात नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून नाव बदलून घ्यावं लागतं. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तर त्याच्याबरोबरच जातो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही: देश एक, गाडी एक, मग कर दोनदा का? उत्तराचा एक भाग असा की उरलेल्या काळाचा कर मूळ राज्याकडून परत मागण्याची तरतूद आहे. पण परतावा आपोआप येत नाही. नवी नोंदणी झाल्याची कागदपत्रं घेऊन मूळ कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि तो कुणी करायचा, पैसे कुणाकडे जायचे, हे सौद्याच्या वेळी ठरलेलं नसेल तर ती रक्कम तशीच राहते. ही प्रक्रिया दोन्ही राज्यांनी एका अर्जावर आणायला हवी, एवढी मागणी सीमेवरच्या लोकांनी नक्की करावी. ‘मग बीएच नंबर घेऊ’ हा मात्र तोडगा नाही. सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेली ती मालिका सैन्यदल, सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतले नोकर यांच्यापुरती आहे. चिकू बागायतदाराला किंवा मासळीच्या व्यापाऱ्याला ती मिळत नाही.

मासळी आणि चिकूसाठी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यामुळे छोटा हत्ती सुटतो. मोठ्या पिकअपचं वजन त्या रेषेपलीकडे गेलं की परमिटचा प्रश्नही सोबत येतो. वजनाचा आकडा आरसीवरच असतो, तो सौद्याआधी वाचावा. फिटनेस, विमा आणि कर्जाची नोंद एम-परिवहन अ‍ॅपवर दिसते, ई-चलानाची थकबाकीही ऑनलाइन कळते. पण चासी नंबर डोळ्यांनीच बघायला हवा. कार्यालयाला त्याचा पेन्सिल छाप लागतो: नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. दमण ते डहाणू ही सगळी खाऱ्या हवेची पट्टी. किनाऱ्यावर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा पत्रा आतून खाल्लेला असतो आणि एखादा आकडा गंजात बुजलेला असतो. छाप स्वच्छ उमटत नसेल तर गाडी कितीही चकाचक दिसो, नवा नंबर मिळताना अडकणार. असा छाप सौदा करतानाच काढून आरसीशी ताडावा, आणि पैशाचा शेवटचा हप्ता एनओसी हातात आल्यावर द्यावा. उलट दिशेने, वरोरची गाडी गुजरातेत विकणाऱ्याला ४५ दिवसांची मुदत असते. तेवढ्यात त्याने आपल्या कार्यालयाला विक्री कळवून पोच घ्यावी आणि गाडी नव्या मालकाच्या नावावर चढल्याचं अ‍ॅपवर दिसेपर्यंत ती जपून ठेवावी.